बाजू मांडण्याचे शास्त्र : पदवीनंतरची एक वेगळी वाट

वाणिज्य शाखेची पदवी हाती आली की व्यापारी कुटुंबातील मुला-मुलींपुढे वाटा ठरलेल्या असतात : सी.ए., एम.बी.ए. किंवा घरची पेढी. अशा घरातील एखादी मुलगी ‘संवाद आणि ॲडव्होकसी’ या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेऊ म्हणाली, तर वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो : बोलायला शिकण्यासाठी दोन वर्षे आणि एवढा पैसा कशाला? प्रश्न रास्त आहे. भांडवल गुंतवण्यापूर्वी माल पारखून घेणे ही व्यापाराची रीतच आहे.

ॲडव्होकसी म्हणजे न्यायालयातील वकिली नव्हे. एखाद्या समूहाची न्याय्य मागणी अभ्यासपूर्वक मांडणे, ती निर्णय घेणाऱ्यांना पटवून देणे आणि निर्णय होईपर्यंत पाठपुरावा करणे, असा तिचा अर्थ. ‘कैवार घेणे’ हा आपला शब्दप्रयोग तिच्या जवळचा आहे. मात्र कैवार जिव्हाळ्यापोटीही घेता येतो. येथे पुरावा लागतो.

या विद्येचे मूळ प्राचीन आहे. ॲरिस्टॉटलने मन वळवण्याची तीन साधने सांगितली : वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद. अमेरिकेत १९१४ मध्ये वक्तृत्व शिकवणाऱ्या १७ अध्यापकांनी इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेतून बाहेर पडून आपली वेगळी संघटना स्थापन केली आणि पुढे संवाद ही स्वतंत्र विद्याशाखा तेथील विद्यापीठांत रुजली. श्रोत्यांचा अभ्यास, युक्तिवादाची चिकित्सा, संशोधनपद्धती, मोहिमेची आखणी आणि मन वळवण्याची नैतिक मर्यादा हे या शिक्षणाचे प्रमुख विषय होत.

या विद्येचे सामर्थ्य पाहायचे तर राजस्थानकडे पाहावे. मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराना येथे पहिली जनसुनावणी घेतली. सरकारी कामांची बिले आणि मजुरांच्या हजेरीपत्रकातील नोंदी तेथे गावासमोर मोठ्याने वाचून दाखवल्या गेल्या. कागदावर मजुरी कोणाला मिळाली आणि प्रत्यक्षात कोणाला, हे ज्याचे त्याला कळले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा कोणत्याही व्यापाऱ्याला सहज समजावी अशीच होती. संघटनेच्या संस्थापकांपैकी अरुणा रॉय यांना प्रशासकीय सेवेचा अनुभव होता, तर शंकर सिंह कठपुतळी आणि गाण्यांतून विषय खेड्यापर्यंत पोहोचवत. १९९६ मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे झाले. अनेक संघटनांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर २००५ मध्ये देशाला माहितीचा अधिकार मिळाला. हिशेब मुळात वहीत होताच. तो लोकांच्या भाषेत उलगडल्यामुळे त्याला बळ आले.

व्यापाऱ्यांनाही याची गरज असते. स्थानिक संस्था कराविरुद्ध २०१३ मध्ये राज्यातील व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली होती. ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींहून कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांची या करातून सुटका झाली. बंदमुळे रोष दिसतो. परंतु कर गेला तर महापालिकेचे उत्पन्न कोठून यावे, याचेही उत्तर मागणी करणाऱ्याजवळ असेल, तर त्याचे निवेदन गंभीरपणे वाचले जाते. आकडे जुळवणारी माणसे आपल्या घरांत पुष्कळ आहेत; त्या आकड्यांचा अर्थ अधिकाऱ्याला, पत्रकाराला आणि ग्राहकाला उलगडून सांगणारी कमी आहेत.

आपल्याकडे हा विषय बहुधा एकाच नावाखाली मिळत नाही. समाजकार्य, जनसंवाद, कायदा आणि सार्वजनिक धोरण या शाखांत तो विभागलेला आहे. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ पासून, तर दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ पासून कार्यरत आहे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्येही संवाद व पत्रकारितेचे शिक्षण मिळते. या क्षेत्रातील अनेक अभ्यासक्रमांना कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो.

परदेशी जायचे असल्यास खर्चाचा ताळेबंद आधी मांडावा. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यानंतर काही काळाने सुरू होतात, परंतु व्याजाची आकारणी रक्कम उचलल्यापासूनच होते. या क्षेत्रातील आरंभीचे वेतन बेताचे असू शकते, हेही गृहीत धरावे.

आणि निर्णयापूर्वी एक साधी कसोटी घ्यावी. बाजारपेठेतील पार्किंगचा किंवा कचऱ्याचा एखादा प्रश्न मुलीवर सोपवावा. तिने दुकानदार, ग्राहक आणि फेरीवाले या तिघांशीही बोलावे, आकडे गोळा करावेत आणि महापालिकेसाठी दोन पानी निवेदन लिहावे. उत्तर येईपर्यंत पाठपुरावाही तिनेच करावा. महिनाभरात उत्साह टिकला, विरोधी बाजूही तिने प्रामाणिकपणे नोंदवली, तर दोन वर्षांची ही गुंतवणूक डोळसपणे केलेली ठरेल.