मुकुट गेले, नाग उरला
इजिप्तच्या मंदिरांच्या भिंतींवर मुकुटधारी राजे जागोजाग कोरलेले दिसतात. वरच्या इजिप्तचा पांढरा मुकुट, खालच्या इजिप्तचा तांबडा आणि दोन्ही एकात एक बसवलेला जोडमुकुट. यांतला एकही प्रत्यक्षात हाती लागलेला नाही. ते कातडे, कापड असल्या नाशवंत वस्तूंचे असावेत. टिकले ते त्यांच्यावरचे धातूचे दागिने.

त्यांतला सर्वांत देखणा दागिना १९२० साली लाहूनला मिळाला. दुसऱ्या सेनुस्रेत राजाचा तिथला पिरॅमिड चोरांनी केव्हाच धुऊन नेला होता. फ्लिंडर्स पेट्री यांच्या मोहिमेत आतला राडारोडा उपसताना फणा काढलेला सोन्याचा नाग वर आला. उंची जेमतेम ६.७ सेंटीमीटर; डोके लाजवर्दाचे, डोळे गार्नेटचे. हा नाग म्हणजे वाजेत देवी. राजाच्या कपाळावरून ती शत्रूवर आग ओकते, अशी श्रद्धा होती. पाठीमागच्या कड्या मात्र विसरू नयेत. नाग मुकुटावर कसा बसवत, हे त्याच सांगतात.

याच राजाची मुलगी सिथाथोर्युनेत. तिचे दागिने पिरॅमिडलगतच्या थडग्यात १९१४ साली सापडले. पुराचा गाळ कोनाड्यात भरून घट्ट झाला होता, म्हणून ते चोरांच्या नजरेतून सुटले. पेट्री यांचे सहकारी गाय ब्रंटन यांनी थडग्यातच मुक्काम ठोकला आणि चिखल हळूहळू कोरून एकेक वस्तू सोडवली. तिच्या शिरोभूषणाच्या सोन्याच्या पट्टीवर १५ फुले आहेत, पुढे नाग आणि मागे सोन्याच्या पातळ पत्र्याची दोन उंच पिसे. खाली सोनेरी फिती लोंबतात, आणि केसांच्या टोपात ओवायला सोन्याच्या बारीक नळ्या आहेत. राजकन्या चालू लागली की हे सारे हलत, किणकिणत असणार.

कारागिरी थक्क करणारी आहे. सोन्याच्या बारीक पट्ट्या उभ्या झाळून खण करायचे आणि प्रत्येक खणात त्याच्याच मापाने घासलेला खडा बसवायचा. लाजवर्द यायचा थेट आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानमधून, पिरोजा सिनाईतून.

राजाच्या कपाळावरचा असा नाग पुढे तूतनखामेन राजाच्या शिरोपट्टीवरही दिसतो; तिच्यावरचे नाग आणि गिधाड काढता येण्याजोगे होते. १९२५ साली हॉवर्ड कार्टर यांच्या पथकाने ममीची वस्त्रे सोडवली, तेव्हा पट्टी डोक्यावर होती आणि हे दोघे मांड्यांवर वेगळे ठेवलेले होते: खालच्या, म्हणजे उत्तरेकडच्या इजिप्तचा नाग डावीकडे, वरच्या इजिप्तचे गिधाड उजवीकडे. ममीचे डोके पश्चिमेला होते. त्यामुळे नाग उत्तरेला आला आणि गिधाड दक्षिणेला, दोघेही आपापल्या मुलखाच्या बाजूला.