अडीच वाजताचं दंव

उल्का सापडलेले चार-पाच फोटो एकाच आकाशात कसे बसवायचे, ते आज सांगणार होतो. पण डिचोलीच्या एका वाचकांचा प्रश्न चार दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून ते पुढच्या आठवड्यात. डिसेंबरातला मिथुन उल्कावर्षाव टिपायला ते मयेच्या तळ्याकाठी बसले होते. बारापर्यंतचे फोटो लखलखीत, दोननंतरचे सगळे दुधाळ. फोकस हलला असेल का, असं ते विचारतात.

फोकस जागेवरच होता. भिंगावर दंव बसलं.

पंचाईत वेळेची आहे. या उल्का पुनर्वसूच्या जोडीतल्या कॅस्टरजवळून फाकताना दिसतात. १४ डिसेंबरच्या पहाटे तो बिंदू आपल्याकडे अडीचच्या सुमारास सर्वांत उंच, जवळपास ७३ अंशांवर येतो. उल्का तेव्हा सर्वाधिक आणि दंवही तेव्हा पुरतं उतरलेलं. ऑगस्टमधला ययाती वर्षाव आपला पाऊस गिळून टाकतो, तेव्हा गोव्यात ही रात्र हातची घालवून चालत नाही.

उघड्या आकाशाखालची काच आपली उष्णता वर सोडत राहते, वरून तेवढी परत येत नाही. आजूबाजूच्या हवेपेक्षाही ती गार पडते आणि हवेतली वाफ तिच्यावर थेंब धरते. अंगणातली स्कूटर सकाळी ओलीचिंब आणि पडवीतली कोरडी, त्याचं कारण हेच. मधे छप्पर आहे. लांब हूडचा उपयोग होतो तोही त्यासाठीच, काचेला आकाश कमी दिसतं.

दर वीस मिनिटांनी ताजा फोटो मोठा करून व्याध पाहा. त्याच्याभोवती पिंजलेल्या कापसासारखं वलय आलं की दंवाची सुरुवात झाली. केरीच्या किनाऱ्यावर एकदा मी हे पाहिलं नाही. पायाखालची वाळू उजळवणारा अग्निगोल गेला आणि फोटोत उरला नुसता करडा डाग. अजून हळहळतो.

रुमालाने पुसू नका. काच गारच राहते, दंव पुन्हा धरतं, आणि किनाऱ्यावर तर खारट कण घासले जाऊन चरे पडतात. पॉवर बँकेवर चालणारा गरम पट्टा पहिल्या फोटोपासूनच भिंगाभोवती गुंडाळा. तो नसेल तर तव्यावर कोमट केलेले तांदूळ मोज्यात भरून बांधा, थोडा वेळ तरी निभावतं.

त्याहून महत्त्वाची जागा. गार हवा पाण्यासारखी उतारावरून खाली येते आणि तळ्याकाठी, बागायतीत साचते. म्हणून सड्यावर चढा. तिथे मतलई वारा लागला तर दंव सहसा धरत नाही. पेडण्यात मात्र मोप्याच्या सड्यावर आता विमानतळाचे दिवे आहेत, त्यांच्याकडे पाठ करून कॅमेरा लावावा लागेल.

तर डिचोलीकर, यंदा मयेचा काठ सोडून वर या. आणि अडीचचा फोटो मला जरूर पाठवा.