घाट चढण्याआधी एक रात्र

रत्नागिरीहून निघालेला नागपूर महामार्ग कोल्हापूर, सांगली, सोलापूर, तुळजापूर करत लातूरला येतो आणि तिथून अहमदपूर, लोहामार्गे नांदेड गाठतो. दिवाळीच्या नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे याच रस्त्याने उलटी निघतात. तुळजाभवानी, पंढरपूर, अंबाबाई आणि शेवटी मालवण. मालवणच्या कार्यक्रमात आता ‘स्कूबा’ ठरलेलीच असते. रविवारी सकाळी समुद्राच्या पोटात, दुपारी सुरमईचे जेवण आणि सोमवारी कामावर हजर व्हायचे म्हणून ताट उचलताच गाडी घाटाला. या वेळापत्रकातली शेवटची घाई शरीराला मानवणारी नाही. तिच्याबद्दल बुडी मारणाऱ्यांच्या जगात स्पष्ट नियम आहेत, पण घाटमाथ्यावरून येणाऱ्या पाहुण्यांना ते क्वचितच माहीत असतात.

मालवणचा समुद्र पाहण्यासारखा आहे, यात शंका नाही. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड बेटाच्या आसपासचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. इथल्या खडकांवर प्रवाळांच्या वसाहती आहेत, सरगॅसमसारखे समुद्रशैवाल आहे, गोबरा आणि तांबोशी आहे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे. पाण्याखाली गेल्यावर पहिला धक्का रंगांचा बसतो. पाणी लाल प्रकाश सर्वात आधी शोषून घेते, त्यामुळे बाजारात लालभडक दिसणारी तांबोशी आठ-दहा मीटरवर मळकट करडी दिसते. तिच्यावर विजेरीचा झोत टाकला की तोच लाल रंग क्षणात परत येतो.

मराठवाड्यात पोहण्याची शाळा म्हणजे विहीर. पाठीला डबा बांधून सुरुवात करायची आणि पुढे तळाची माती मुठीत घेऊन वर आले की पोहता येते असे समजायचे. दोन परस पाण्यात बुडी मारली तरी कान ठणकतात, हे प्रत्येक विहीरवाल्याला ठाऊक असते. तो ठणका पाण्याच्या दाबाचा. समुद्राच्या पातळीवर आपल्यावर एक वातावरण इतका दाब असतो आणि समुद्रात दर दहा मीटरला आणखी एका वातावरणाची भर पडते. दहा मीटरवर दाब दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते, हे रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडले. कानातली हवाही अशीच आक्रसते; नाक दाबून हलकेच फुंकर मारली की घशाकडून कानात हवा जाते आणि पडद्यावरचा ताण उतरतो. सर्दी असेल तर ही वाट बंद असते. म्हणून सर्दी झालेल्याने त्या दिवशी होडीतच बसावे.

मात्र विहिरीतली एक सवय समुद्रात घातक ठरते, ती म्हणजे श्वास रोखण्याची. विहिरीत उडी मारणारा काठावरची हवा छातीत भरून खाली जातो. खोलवर ती आक्रसते आणि वर येताना पुन्हा मूळ आकाराला येते, त्यामुळे इजा होत नाही. स्कूबावाला मात्र खाली गेल्यावरही पाठीवरच्या टाकीतून श्वास घेतो. जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये घडवलेल्या झडपेचे वैशिष्ट्यच हे की भोवतीच्या पाण्याचा जितका दाब, तितक्याच दाबाची हवा ती प्रत्येक श्वासाला तोंडात सोडते. दहा मीटरवर छाती भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट होते. श्वास रोखून वर आले तर तिला बाहेर पडायला जागा नसते आणि फुप्फुस फाटू शकते. हे उथळ पाण्यातही घडते. प्रशिक्षक पहिल्या पाच मिनिटांत ‘श्वास कधीही रोखू नका’ असे सांगतो, त्यामागचे कारण हे आहे. विहिरीत तरबेज असलेल्यांनी ते जास्तच लक्ष देऊन ऐकावे.

दाबाचा दुसरा परिणाम लगेच जाणवत नाही. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. शरीराला त्याचा काही उपयोग नाही, पण दाब वाढला की तो रक्तात आणि ऊतींत जास्त विरघळतो. वायूचे विरघळणे दाबाच्या प्रमाणात वाढते, हा विल्यम हेन्री यांचा १८०३ चा नियम. जत्रेतला गोटी सोडा फोडला की बुडबुडे उसळतात, तेही याच नियमाने. बुडी मारणारा भरकन वर आला तर विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडू लागतो. खांदे, कोपर, गुडघे दुखतात, त्वचेला खाज सुटते, हातापायांना मुंग्या येतात. मज्जारज्जूपर्यंत गोष्ट गेली तर पायांतले बळही जाते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे पाये घालताना दाबाच्या हवेत काम करणाऱ्या मजुरांना हाच आजार झाला आणि १८७२ मध्ये मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंगही त्याने अंथरुणाला खिळले.

यावर उतारा शोधला जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी, तोही बोकडशेळ्यांवर प्रयोग करून. ब्रिटिश नौदलासाठी १९०८ मध्ये त्यांनी पाण्यातून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके दिली. त्यांची मुख्य कल्पना आजही टिकून आहे: शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने नायट्रोजन घेत नाहीत आणि सोडतही नाहीत. रक्त, मेंदू लवकर भरतात, लवकर रिकामे होतात. चरबी आणि सांध्यांभोवतीच्या ऊती दोन्ही कामे सावकाश करतात. पृष्ठभागावर येऊन मासळी खाऊन झाली तरी हा उपसा कित्येक तास चालूच असतो.

आणि इथेच घाट येतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण आठ टक्क्यांनी कमी असतो. मालवणहून कोल्हापूरकडे जाणारी कुठलीही वाट घ्या, आंबोली, फोंडा किंवा करूळ, दोन-तीन तासांत घाटमाथा येतो. लातूर बालाघाटच्या पठारावर आहे, म्हणजे पुढेही फार उतरायचे नाही. नांदेड त्याहून सखल, पण तिथे पोहोचण्यासाठीही आधी हा माथा ओलांडावाच लागतो. अंगात साठलेला नायट्रोजन पुरता निघाला नसताना बाहेरचा दाब असा उतरला, तर जे बुडबुडे किनाऱ्यावर झाले नसते ते घाटात होऊ शकतात.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचना साधारण ६०० ते २४०० मीटर उंचीला लागू होतात. विमानाच्या आतला दाब याच पट्ट्यात मोडतो आणि आंबोलीही. एकच साधी बुडी असेल तर उंचीवर जाण्याआधी किमान १२ तास, अनेक बुड्या किंवा सलग काही दिवस बुड्या मारल्या असतील तर किमान १८ तास थांबावे, असे त्या सांगतात. सहा-आठ मीटरवर एकदाच वीस मिनिटे राहिलेल्या पर्यटकाच्या अंगात नायट्रोजन थोडाच साठतो, धोकाही कमी असतो. तारकर्लीला चार-पाच दिवसांचा अभ्यासक्रम करून १८ मीटरपर्यंत उतरणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी. त्याने १८ तासांचा नियम अक्षरशः पाळावा.

सर्वात जास्त नायट्रोजन साठतो तो बोटीवरच मुक्काम करून रोज तीन-चार बुड्या मारणाऱ्यांच्या अंगात. आपल्या किनाऱ्यावर अशा मुक्कामाची खरी जागा आहे आंग्रिया बँक. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेला, साधारण ४० किलोमीटर लांब आणि १५ किलोमीटर रुंद असे हे बुडालेले पठार. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे आणि नाव कान्होजी आंग्रे यांचे. किनाऱ्यावरच्या नद्यांचा गाळ इतक्या दूर पोहोचत नाही, म्हणून पाणी नितळ आणि प्रवाळ जोमदार. दहा नॉट वेगाच्या बोटीला एका बाजूचेच सहा तास लागतात, तेव्हा सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याचा प्रश्नच नाही. तिथे पहिलीच बुडी तिप्पट दाबात होते आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक नव्या बुडीचा नायट्रोजन आधीच्या शिलकीत जमा होत जातो. अशा सफरींत शेवटचा दिवस कोरडा ठेवतात, तो याच हिशेबाने.

तेव्हा मालवणचा बेत आखताना क्रम तेवढा बदला. स्कूबा पहिल्या दिवशी सकाळी करा. सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीचा किनारा, खरेदी हे सगळे त्यानंतर ठेवा. रात्र किनाऱ्यावरच काढा आणि घाट दुसऱ्या दिवशी चढा. परतीच्या वाटेवर सांधे दुखू लागले, मुंग्या आल्या किंवा अवाजवी थकवा वाटला, तर प्रवासाचा शीण म्हणून सोडून देऊ नका. जवळच्या रुग्णालयात जा आणि कालच समुद्रात बुडी मारली होती, हे डॉक्टरांना सर्वात आधी सांगा. शुद्ध ऑक्सिजन आणि दाबकक्षातले उपचार जितक्या लवकर मिळतील, तितका त्यांचा गुण जास्त येतो.