सामान लादलेल्या सायकलीचा फोर्क

तंबू, स्टोव्ह, कपडे सायकलला बांधून कच्च्या रस्त्यांवर भटकायचे, तर पुढचा सस्पेन्शन फोर्क कोणता घ्यावा? दुकानदार आधी ट्रॅव्हलचा, म्हणजे फोर्क जास्तीत जास्त किती दबतो त्याचा, आकडा सांगतो. तो दुय्यम, १०० मिलिमीटर पुष्कळ झाले.

खरा फरक आतल्या स्प्रिंगचा. सन्टूर एक्ससीएमसारख्या स्वस्त फोर्कमध्ये पोलादी स्प्रिंग असते. प्रीलोडची चकती फिरवली म्हणून ती कडक होत नाही, नुसती आधीच थोडी दाबली जाते. हँडलवर चार किलोची पिशवी आली, की फोर्क खाली बसतो. रॉकशॉक्स जुडीसारख्या फोर्कमध्ये पोलादाऐवजी कोंडलेली हवा असते. शॉकपंपाने दाब वाढवायचा, वाढीव वजन पेलले जाते. शिवाय हवा दबेल तशी झपाट्याने ताठर होते, त्यामुळे मोठ्या खड्ड्यातही फोर्क सहसा तळाला आपटत नाही. सामानासकट बसल्यावर १०० पैकी २०-२५ मिलिमीटर दबला, की दाब जमला.

स्प्रिंग धक्का साठवते आणि परत करते; जिरवतो तो डॅम्पर. त्यात तेल बारीक छिद्रांतून रेटले जाते आणि ऊर्जेची उष्णता होते. रीबाउंडचा, म्हणजे दबलेला फोर्क परत उसळण्याचा वेग ठरवणारा, स्क्रू नसलेला फोर्क मी तरी घेणार नाही. फोर्क ताठ बंद करणारा लॉकआउट मात्र नसला तरी चालेल.

फ्रेममध्ये बसणारी फोर्कची स्टिअरर ट्यूब सरळ की निमुळती, चाकाचा एक्सल कोणता, हे विकत घेण्याआधी आपल्या सायकलशी जुळवा. पिशवी आणि टायरमध्ये ट्रॅव्हलहून जास्त जागा ठेवा. आणि हवेचा फोर्क परवडत नसेल, तर अडीच किलोच्या आसपासचे स्प्रिंगचे धूड घाटात ओढण्यापेक्षा साधा ताठ फोर्क आणि कमी हवेचा रुंद टायर बरा.