त्या पुस्तकाचे पैसे कोणाचे?

मैत्रिणींनो, समजा तुमच्या पोटच्या पोराचा खून झाला, आणि सगळं गाव ज्याला खुनी समजतं तोच माणूस त्यावर पुस्तक लिहून पैसे मिळवू लागला, तर? ते पुस्तक तुमच्या हाती आलं, तर जाळाल की छापाल? अमेरिकेतल्या एका बापावर ही वेळ खरोखरच आली होती.

ओ. जे. सिम्प्सन हा तिकडचा फुटबॉलपटू. पुढे सिनेमात, जाहिरातींत झळकलेला. १२ जून १९९४ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये त्याची घटस्फोटित पत्नी निकोल आणि रॉन गोल्डमन हा २५ वर्षांचा तरुण, दोघांचा भोसकून खून झाला. रॉन हॉटेलात वेटर होता. निकोलची आई तिथे जेवून जाताना तिचा चष्मा राहिला, तो पोचवायला बिचारा गेला होता. घरात निकोलची दोन मुलं झोपली होती.

खटला महिनोन्महिने टीव्हीवर चालला. १९९५ मध्ये ज्युरीने सिम्प्सनला निर्दोष सोडलं. १९९७ मध्ये दिवाणी दाव्यात मात्र दुसऱ्या ज्युरीने त्यालाच जबाबदार धरलं आणि ३ कोटी ३५ लाख डॉलर भरायला सांगितले. त्यातलं गोल्डमन कुटुंबाच्या हाती फारच थोडं पडलं.

मग नोव्हेंबर २००६ मध्ये बातमी आली, की 'मी खून केला असता, तर' अशा अर्थाच्या नावाचं सिम्प्सनचं पुस्तक येतंय, जोडीला टीव्हीवर मुलाखत! ही 'तर'ची मखलाशी पाहिलीत ना? लोक खवळले. काही टीव्ही केंद्रांनी मुलाखत दाखवायला साफ नकार दिला. आठवड्याभरातच प्रकाशन कंपनीचे मालक रूपर्ट मर्डॉक यांनी माफी मागून दोन्ही रद्द केलं. छापलेल्या सुमारे ४ लाख प्रती नष्ट करायचं ठरलं.

संताप रास्तच होता. पण हेच लोक १९९५ मध्ये कामधंदा सोडून तो खटला बघत बसले होते. वकिलांनी, अगदी सरकारी वकिलांनीसुद्धा, त्यावर पुस्तकं लिहिली आणि ती खपली. खुद्द सिम्प्सनचं एक पुस्तक तर तो तुरुंगात असतानाच निघालं होतं. अन् आपलं काय? रात्री गॅसवर दूध उतू गेलं तरी खुनाची मालिका अर्धवट सोडवत नाही. निदान मला तरी नाही.

आता त्या बापाची गोष्ट. पुस्तकाचा करार सिम्प्सनच्या मुलांच्या नावे काढलेल्या कंपनीमार्फत झाला होता. कोर्टाने ते सोंग ओळखलं आणि २००७ मध्ये पुस्तकाचे हक्क गोल्डमन कुटुंबाकडे आले. याच पुस्तकाविरुद्ध जिवाच्या आकांताने ओरडणारे रॉनचे वडील, फ्रेड गोल्डमन, यांनी ते छापलं. मुखपृष्ठावर 'जर' हा शब्द इतका बारीक, की शोधावा लागावा. खाली 'खुन्याचा कबुलीजबाब' अशा अर्थाची ओळ. पुस्तक धडाधड खपलं. निकोलची बहीण डेनिस हिने मात्र अखेरपर्यंत विरोध केला. असलं पुस्तक निघूच नये, पैसे कोणाला का मिळेनात, असं तिचं म्हणणं.

सिम्प्सन एप्रिल २०२४ मध्ये वारला, देणं बहुतेक तसंच ठेवून.

मी आधी डेनिसच्या बाजूची होते. रॉन तो चष्मा घेऊन निघाला होता हे वाचल्यापासून माझं नक्की होत नाही.