रक्त कमी, पण लोह जास्त : मधुमेहींनी काय समजून घ्यावे?

थकवा आला, चेहरा फिका दिसू लागला की आपल्या घरात निष्कर्ष ठरलेला असतो : 'रक्त कमी झाले.' मग मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या नाहीतर टॉनिकची बाटली येते. अनेकांना, विशेषतः आपल्या आयाबहिणींना, त्याचा फायदाही होतो. पण 'रक्त कमी म्हणजे लोह कमी' हे दरवेळी खरे नसते. तळोदा परिसरात तर हा फरक समजून घेणे फार गरजेचे आहे. कारण सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल आणि पावरा बांधवांमध्ये सिकलसेल आढळतो. विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजातही तो मोठ्या प्रमाणात आहे.

लोह साठते कसे?

आपल्या शरीरातून रोज साधारण १ मिलिग्रॅम लोह बाहेर पडते. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. रक्ताच्या एका पिशवीतून मात्र २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात येते. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या ज्या रुग्णाला वारंवार रक्त चढवावे लागते, त्याचे हिमोग्लोबिन कमीच राहते आणि लोह मात्र साठत जाते. ते यकृतात, हृदयात आणि स्वादुपिंडात जमते. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी स्वादुपिंडातच असतात. त्यांना इजा झाली की मधुमेह होतो. हिमोक्रोमॅटोसिस नावाच्या आनुवंशिक आजारातही असेच घडते, पण आपल्या देशात तो क्वचित दिसतो.

रिपोर्टमध्ये फेरिटिन जास्त आले तर?

लगेच घाबरू नका. फेरिटिन हे लोहाच्या साठ्याचे माप आहे. पण अंगात सूज किंवा जंतुसंसर्ग असला, यकृतावर चरबी असली, दारूचे व्यसन असले, तरीही ते वाढते. मधुमेह आणि पोटाचा घेर वाढलेल्या माणसांत यकृतावरची चरबी नेहमीची गोष्ट आहे. म्हणून सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ही तपासणी करतात. ते ४५ टक्क्यांच्या वर असेल तर लोह खरोखरच जास्त असण्याची शक्यता वाढते. ते ठीक असेल, तर बहुतेकदा वजन, साखर आणि यकृत यांकडे लक्ष द्यावे लागते.

साखरेचा रिपोर्टही फसवू शकतो

तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, या हिशेबावर चालते. सिकलसेलच्या रुग्णात या पेशी १० ते २० दिवसांतच फुटतात. त्यामुळे साखर वाढलेली असूनही आकडा कमी येतो आणि माणूस निर्धास्त राहतो. नुकतेच रक्त चढवले असेल तरीही हा आकडा विश्वासाचा राहत नाही. अशा रुग्णाने उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासावी आणि 'आम्हाला सिकलसेल आहे' हे डॉक्टरांना आधीच सांगावे.

काय करावे, काय टाळावे

तपासणीशिवाय लोहाची गोळी किंवा टॉनिक सुरू करू नये. शाळेत मिळणारी निळी आणि गरोदरपणात मिळणारी लाल गोळी, दोन्हींत लोह असते. सिकलसेलच्या रुग्णांना सहसा नुसते फॉलिक अॅसिड देतात. ती गोळी वेगळी. मात्र काही सिकलसेल रुग्णांत लोह खरेच कमी असते, म्हणून सरकारी रुग्णालयात मिळालेली गोळी परस्पर बंद न करता आधी विचारावे.

मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊन थकवा येतो, हातापायाला मुंग्या येतात. तिथे लोहाचा उपयोग नाही. बी-१२ तपासून घ्यावे.

लोह जास्त असेल तर दारू, मग ती मोहाची असो की बाटलीतली, पूर्ण बंद. लोह आणि दारू, दोन्हींचा मार यकृतावरच बसतो. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्यांनी लोह जास्त शोषले जाते. जेवणासोबत किंवा लगेच नंतर बिनसाखरेचा चहा चालतो; त्याने जेवणातले लोह कमी शोषले जाते. भाजी-भाकरी, डाळ सोडायची गरज नाही. पथ्याच्या नावाखाली उपाशी राहणे मधुमेहीला घातक ठरते.

हिमोक्रोमॅटोसिसमध्ये ठरावीक दिवसांनी रक्त काढून लोह कमी करतात. ज्याचे हिमोग्लोबिनच कमी आहे त्याचे रक्त असे काढता येत नाही. त्याला डिफेरासिरॉक्ससारखे लोह बाहेर काढणारे औषध देतात. हे औषध चालू असताना मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या वेळेवर व्हायलाच हव्यात. मधुमेहाने मूत्रपिंड आधीच कमकुवत झालेले असू शकते.

पहिले पाऊल

१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सर्वांनी तपासणी करून घ्यावी, हा त्याचा गाभा आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा, लग्नाआधी तर नक्कीच. चढवलेल्या प्रत्येक पिशवीची तारीख एका वहीत लिहून ठेवा आणि दर भेटीत ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.

बाबासाहेबांनाही मधुमेहाने शेवटच्या वर्षांत फार छळले, हे आपण जाणतो. आजच्यासारखी तपासणी-औषधे त्यांच्या काळी नव्हती. आज ती आहेत. अंदाजाने गोळी घेण्यापेक्षा तपासून, विचारून उपचार घेणे, एवढे तर आपल्या हातात आहे.