मिक्श्चरचा स्क्रू आणि टर्बोचं इंजिन: काही घातक समजुती

जुनी गाडी घरी सांभाळणाऱ्याला मिक्श्चरचा स्क्रू ओळखीचा असतो. इंजिन गरम करायचं, स्क्रू हळूहळू आत घ्यायचा, इंजिन अडखळू लागलं की थोडा बाहेर काढायचा आणि जिथे ते सगळ्यांत मोकळं चालतं तिथे सोडून द्यायचा. पद्मिनी आणि अँबॅसेडरवर ही पद्धत वर्षानुवर्षं चालली. पण ज्या जुन्या गाडीत कार्बोरेटरच्या जोडीला टर्बो आहे, तिथे एवढ्यावर विसंबलं तर पिस्टनला भोक पडू शकतं. म्हणून या बाबतीतल्या समजुती एकदा नीट तपासायला हव्यात.

उदाहरण म्हणून 1985 साली फ्रान्समध्ये आलेली रेनो 5 जीटी टर्बो घेऊ. 1397 सीसीचं साधं पुशरॉड इंजिन, गॅरेटचा छोटा टर्बो आणि पेट्रोलसाठी एकच सोलेक्स 32 डीआयएस कार्बोरेटर. एवढ्यातून रेनोने 115 अश्वशक्ती काढली. यात टर्बो आधी हवा दाबतो (हा वाढलेला दाब म्हणजे बूस्ट) आणि ती दाबलेली हवा कार्बोरेटरमध्ये शिरते. लोटस एस्प्री टर्बो आणि सुरुवातीची मासेराती बायटर्बो यांचीही रचना अशीच होती.

पहिली समजूत अशी की स्क्रू बरोबर बसला म्हणजे मिक्श्चर बरोबर झालं. प्रत्यक्षात तो स्क्रू फक्त आयडलिंगचं मिक्श्चर ठरवतो. थ्रॉटल उघडला की पेट्रोल मेन जेटमधून येऊ लागतं आणि बूस्ट चढल्यावर जादा पेट्रोल देणारी वेगळी वाट उघडावी लागते. सिग्नलला घड्याळासारखं चालणारं इंजिन हायवेवर पूर्ण बूस्टला पेट्रोलवाचून तडफडत असू शकतं. स्क्रूला त्याचा पत्ताही नसतो.

दुसरी समजूत जास्त खोलवर रुजलेली आहे: टर्बोने हवा जास्त दिली की कार्बोरेटर आपोआप त्याच हिशेबात पेट्रोल ओढतो. इथे लडाख आठवावं. कार्बोरेटरची मोटरसायकल घेऊन जो खार्दुंग ला चढला आहे, त्याने गाडी रिच झाल्याचं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त झाल्याचं, अनुभवलेलं असतं. हवा विरळ झाली, पण पेट्रोल त्या प्रमाणात कमी झालं नाही. बूस्टमध्ये याच्या नेमकं उलट घडतं: पेट्रोल कमी पडून मिक्श्चर लीन होतं. व्हेंचुरीत तयार होणारा ओढा हवेच्या घनतेवर अवलंबून असतो आणि जेटमधून येणारं पेट्रोल त्या ओढ्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे हवेची घनता दीडपट झाली तर पेट्रोल जेमतेम 1.22 पट होतं. बूस्ट नसताना पूर्ण थ्रॉटलला एक भाग पेट्रोलला वजनाने 12.5 भाग हवा असं प्रमाण असेल, तर ते 15.3 पर्यंत चढतं. बूस्टखाली खरी गरज साधारण 11.5 ते 12.5 ची असते. ही तूट भरून काढण्यासाठीच अशा कार्बोरेटरमध्ये दाबावर उघडणारी जादा पेट्रोलची सोय असते. तिचा पडदा (डायफ्रॅम) फाटलेला असेल तर वरून काहीच दिसत नाही.

याला जोडूनच आणखी एक चूक होते. पेट्रोल कमी पडतंय म्हणून थेट मोठा मेन जेट घातला जातो. पण फ्लोट चेंबरमध्येच पेट्रोल पोहोचत नसेल तर जेट मोठा करून काय उपयोग? कार्बोरेटरच्या तोंडाशी 0.7 बार बूस्ट असेल तर फ्लोट चेंबरमध्येही तेवढाच दाब असावा लागतो, नाहीतर हवाच पेट्रोलला मागे रेटते. आणि त्या दाबाविरुद्ध पेट्रोल आत ढकलायला पंपाचा दाब त्याहून वर लागतो. आयडलिंगला 0.25 बार ठेवला असेल तर पूर्ण बूस्टला सुमारे 0.95 बार. म्हणूनच बूस्टबरोबर चढणारा रेग्युलेटर लागतो. साध्या कार्बोरेटरमधला पोकळ पितळी फ्लोट या दाबाखाली चेपू शकतो, हेही टर्बो मागाहून बसवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

लीन म्हणजे चांगलं अ‍ॅव्हरेज, ही आपल्याकडची सवय. सावकाश चालवताना ते खरंही आहे. बूस्टमध्ये मात्र जादा पेट्रोल वाफ होताना सिलिंडरमधली उष्णता शोषून घेतं आणि नॉकिंग लांब ठेवतं. म्हणून रिच ठेवावं, पण बेसुमार नाही. फार रिच मिक्श्चर सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं आणि इंजिनाच्या ऑइल चेंबरमधलं ऑइल पातळ करतं.

मिक्श्चरने सगळं आटोक्यात येतं असंही नाही. 1962 च्या ओल्ड्समोबाइल जेटफायरमध्ये कार्बोरेटर टर्बोच्या अलीकडे होता, त्यामुळे वरचा घनतेचा प्रश्न तिथे नव्हता. तरीही 10.25 च्या कॉम्प्रेशनवर नॉकिंग टाळायला कंपनीला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडावं लागलं.

बूस्टला गाडी अडखळू लागली की दोष लगेच कार्बोरेटरवर जातो. आधी प्लग पाहावा. दाब वाढला की ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगची फट मोठी किंवा कॉइल थकलेली असेल तर ठिणगी विझते. लक्षणं मात्र हुबेहूब पेट्रोलच्या गडबडीसारखी दिसतात. प्लगच्या रंगावरूनही फार काही ठरवू नये. गाडी गॅरेजपर्यंत हळू आणून काढलेला प्लग त्या हळू चालण्याचा रंग दाखवतो, पूर्ण बूस्टचा नाही. त्यासाठी सायलेन्सरच्या पाइपात उरलेला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड सेन्सर बसवून रस्त्यावर किंवा डायनोवर, भाराखाली आकडे घ्यावेत.

आणि आपल्या पंपावरचं पेट्रोल. त्यात आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट. 20 टक्के मिश्रणात हा आकडा 13.5 च्या आसपास येतो. म्हणजे 1985 चे जेट तसेच ठेवले तर इंजिन सुमारे आठ टक्के लीन चालणार. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो हे खरं, पण त्याने लीन मिक्श्चर रिच होत नाही. यात वाइडबँड मीटरचाही एक चकवा आहे. पेट्रोलच्या मापाचा मीटर इथेनॉल मिसळलेल्या इंधनावरही योग्य प्रमाणाला 14.7 च दाखवतो, कारण तो मुळात उरलेला ऑक्सिजन मोजतो. म्हणून आकडे लॅम्डामध्ये, म्हणजे योग्य प्रमाणाला 1 मानून, वाचावेत: पूर्ण बूस्टला साधारण 0.80 ते 0.85.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर जेट विकत घेण्याआधी एक काम करा. फ्लोट चेंबर आणि रेग्युलेटरकडे जाणाऱ्या बूस्टच्या बारीक रबरी नळ्या काढून वाकवून पाहा. चाळीस वर्षांपूर्वीचं रबर तडकलेलं असेल तर आधी नळ्या बदला, मग स्क्रूला हात लावा.